सनई कानात, मिक्सर मांडवात

"पोर रडतंय तोवर बिनघोर राह्यचं. गप झालं की आधी उठायचं," असं सुलाबाईंनी सुनेला बाळंतपणातच सांगून ठेवलं होतं. पूजाने ते हसण्यावारी नेलं. एम.कॉम. झालेल्या आणि बाळाच्या वाढीची दोन-दोन अ‍ॅप मोबाइलवर बाळगणाऱ्या मुलीला हे सगळं उलटंच वाटलं. रडतं पोर म्हणजे काळजी आणि गप पोर म्हणजे देवाची कृपा, इतकं ते साधं होतं. शिवाय रुद्र गप राहायचाच कुठे? चुकून झोपलाच तर श्वास चालू आहे ना हे पाहायला पूजा त्याच्या नाकाशी बोट धरायची आणि त्या बोटानेच तो जागा व्हायचा.

दहा महिन्यांचा रुद्र एकाच आवाजावर झोपायचा. अंगाईवर नाही, पाळण्याच्या करकरण्यावर नाही, मिक्सरच्या आवाजावर. शेंगदाण्याची चटणी करताना एकदा तो पूजाच्या कडेवरच पेंगला आणि हा शोध लागला. मग इंदिरानगरच्या त्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी रिकामा मिक्सर फिरू लागला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून विचारलंसुद्धा, "रोज एवढं काय वाटतेस गं?" शेवटी एके दिवशी मिक्सरने धूर सोडला आणि मान टाकली. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला. "ताई, मोटार पार जळालीये. काय दळत होतात यात?"

"काहीच नाही," पूजा म्हणाली. खरं तेच म्हणाली, पण त्याला ते पटलं नाही.

यातून वाट काढली ती नवऱ्याने. अमोल सातपूरच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या कामाला होता, आणि घरी आला की टॅबलेटवर संगीत करायचा. त्या टॅबलेटमध्ये सॅम्पलर नावाचं एक प्रकरण होतं. ते काय असतं हे त्याने आईला समजावलं ते असं, की हा आवाजांचा मिसळणाचा डबा. एका वाटीत मोहरी, एकीत जिरं, तसं इथे एका खान्यात सनई, एकात संबळ, एकात हलगी. बोट लावलं की त्या खान्यातला आवाज बाहेर. नवीन मिक्सर घरात आला तसा तो जळायच्या आत अमोलने त्याचा आवाज एका खान्यात भरून टाकला. भरताना पूजा रुद्रला थोपटत होती, त्यामुळे मिक्सरच्या घरघरीत तिचाही आवाज आला: "झोप रे राजा, झोप आता. पाया पडते तुझ्या." अमोलने तो काढून टाकून पाहिला, तर रुद्रने डोळे टक्क उघडले. म्हणून तो तसाच ठेवला. घरात शांतता आली, म्हणजे मिक्सर अखंड चालू राहिला.

अशात अमोलच्या बहिणीचं, सायलीचं लग्न जमलं. मुलगा नवनाथ, दिंडोरीकडचा, बागाईतदार घरातला. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पण त्या घरात शेवटचा शब्द मुलाच्या आजीचा, लंकाबाईंचा. त्यांना हुंडा नको, मानपान नको, फक्त एकच अट होती: डीजे नको. मागे गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर नात्यातलं लग्न होतं. तिथे डीजेने छाती धडधडायला लागली म्हणून त्या भरल्या ताटावरून उठल्या आणि मुलगा मागे पळेपर्यंत रस्त्याला लागल्या होत्या.

"ओटी आमच्या सवाष्णी भरतील," नवनाथचे वडील कारभारी बैठकीत म्हणाले, "पण साखरंचा पुडा पोरीच्या हातात द्यायचा तो आमच्या आईनंच. आमच्याकडं तसंच हाय. अन् आई एकदा उठली ना पाहुणे, मग साखरपुडा कसला आन् काय कसला."

सायलीने भावाकडे पाहिलं. अमोलने छातीवर हात ठेवला. "डीजे नाही. फक्त सनई आणि संबळ. आणि तेही इतकं हळू, की शेजारच्याला विचारावं लागेल, वाजतंय का म्हणून."

साखरपुडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घराच्या मागच्या दाराला लागूनच ठरला. अमोलने मित्राचे दोन मोठे स्पीकर आणले आणि टॅबलेटला जोडायची एक छोटी काळी पेटी घेतली. आता त्याला सारखं त्या पेटीचंच सुचत होतं. सॅम्पलरच्या प्रत्येक खान्याचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर काढता येतो, हे त्याला नुकतंच जमलं होतं. पेटीला तीन भोकं आणि तीन भोकांना तीन पिना. पहिलीतून सनई-संबळ बाहेरच्या स्पीकरला. दुसरीतून त्याच्या स्वतःच्या हेडफोनला. तिसरीतून मिक्सर, खिडकीतून वायर टाकून आतल्या खोलीतल्या छोट्या स्पीकरला, म्हणजे कार्यक्रमभर रुद्र झोपलेला.

"आणि तुमच्या कानात काय?" पूजाने विचारलं.

"सूचना. त्या तू सांगायच्या."

याला कारण होतं. अमोल वाजवायला बसला की मान खाली घालायचा आणि मग जगात काय चाललंय ते त्याला कळायचं नाही. मावसभावाच्या हळदीला सगळे जेवायला गेले, मांडववाल्याने खुर्च्या उचलल्या, तरी हा संबळ वाजवतच होता. म्हणून पूजाने आपल्या आवाजात सूचना भरून दिल्या. सुरू केलं की त्या आपापल्या वेळेला, एकीमागून एक, आणि संपल्या की पुन्हा पहिल्यापासून, फक्त त्याच्या कानात पडणार होत्या.

"आणि वायरी उलट्यासुलट्या झाल्या तर?" पूजा म्हणाली.

"कशा होतील? भोकांपाशी मार्करने आकडे लिहिलेत. तुला ना प्रत्येक गोष्टीत काळजी."

सकाळी त्याने सगळं वाजवून पाहिलं. बाहेर सनई, आत मिक्सर, कानात बायको. सगळं आपापल्या जागी. समाधानाने तो अंघोळीला गेला.

तेवढ्यात सुलाबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन पार्किंगमध्ये आल्या. त्यांच्या घरात नवीन वस्तू पुजल्याशिवाय वापरायची पद्धत नव्हती. फ्रीज पुजला होता, मोटारसायकल पुजली होती, नवा मिक्सरही पुजला होता. जुना पुजायचा राहिला होता आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. लेकीच्या साखरपुड्याला ही पेटी बिनपूजेची कशी लावायची? त्यांनी तिच्या तिन्ही पिना काढल्या, ओल्या फडक्याने ती स्वच्छ पुसली. शाईचे काही डाग होते, तेही घासून काढले. मग हळद-कुंकू वाहिलं, वर स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि पिना जिथे बसतील तिथे नीट दाबून बसवल्या. पूजा कधी सांगून करायची नसते, त्यामुळे त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

पाहुणे आले. जीपमधून उतरताना लंकाबाईंनी आधी स्पीकरकडे पाहिलं आणि मग अमोलकडे. "हे काय हाय?"

"सनई, आजी. हळू आवाजात," अमोल म्हणाला.

"बघते." एवढंच बोलून त्यांनी कमरेवर हात ठेवला. "जीपनं पार हाडं खिळखिळी केली. जरा पाठ टेकू दे कुठं."

पूजाने त्यांना आतल्या खोलीत नेलं. रुद्र नुकताच तिच्या खांद्यावर झोपला होता. त्याला भिंतीकडेला ठेवलं आणि लंकाबाईंना पलंगाची दुसरी बाजू दिली. "आजी, एक सांगायचं होतं. आता इथे मिक्सरचा आवाज सुरू होईल. बाळाला लागतो. तुम्हाला त्रास होईल का?"

"होईना का. मला कुठं झोप येतीये?" लंकाबाई आडव्या होत म्हणाल्या. "आमची पिठाची गिरण होती. घराला लागून. नांदायला आले तवापासनं तिच्या आवाजात झोपले. म्हातारा गेला, पोरांनी गिरण बंद केली. तवापासनं डोळ्याला डोळा नाय. डाक्टर म्हणतो, शांत जागी झोपा. घ्या! शांत हाय म्हणून तर झोप येत नाय!"

पूजाचं लक्ष रुद्रच्या पोटाकडे होतं. वरखाली होत होतं. नाकाशी बोट धरायचा मोह तिने आवरला आणि औक्षणाचं ताट घ्यायला बाहेर पळाली.

सायली येऊन पाटावर बसली. शेजारी ताट घेऊन पूजा. अमोलने हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. त्याच्या कानात सनई अशी काही लागली, की त्याची मान आपोआप डोलू लागली.

मांडवात मिक्सर सुरू झाला.

कुणाला पहिल्यांदा काही वाटलं नाही. साखरपुडा म्हणजे जेवण, जेवण म्हणजे चटणी. सुलाबाई मात्र उठून कोपऱ्यातल्या आचाऱ्याकडे गेल्या. "देवराम, बंद कर रे ते. कार्य सुरू झालंय."

"काय बंद करू?" देवराम पुऱ्या लाटून घेत होता.

"मिक्सर."

"मावशी, माझा मिक्सर पिशवीत हे." त्याने पिशवी उघडून मिक्सर बाहेर काढून दाखवला. "हा बघा. वायरसुद्धा गुंडाळलेली हे."

"मग हा आवाज कुठून येतोय?"

"ते मला काय विचारता? मी काय आवाजाचा आचारी हे का?"

त्या परत फिरल्या तेवढ्यात कारभारी माइक हातात घेऊन उभे राहिले. माइक सरळ स्पीकरला जोडलेला होता, त्यामुळे तो व्यवस्थित होता. "जमलेल्या मंडळींनो, आमची तशी मूळची द्राक्षाची बाग," त्यांनी सुरुवात केली. मागे मिक्सर घरघरत होता. "यंदा छाटणी जरा उशिरा झाली, पण..."

"झोप रे राजा," स्पीकर म्हणाला.

कारभारी थांबले. मांडवात इकडे तिकडे पाहिलं. "पण मी थोडक्यात सांगतो."

"झोप आता. पाया पडते तुझ्या."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. कारभारींनी माइक खाली ठेवला. "बोलू द्यायचं नसलं, तर तसं सांगा की राव," ते अमोलकडे पाहून म्हणाले, आणि बसले ते गुडघ्यावर हात ठेवून, निघायच्या तयारीतला माणूस बसतो तसे.

सायली पाटावरूनच पुटपुटली, "वहिनी, हा तुझा आवाज ना?"

"नाही गं."

"तुझाच आहे. पाया पडते तुझ्या, हे तूच म्हणतेस. रोज ऐकते मी."

पूजाच्या हातातल्या निरांजनाची ज्योत हलली. पहिला विचार तिला अमोलचा आला नाही, कारभारींचा नाही, साखरपुड्याचाही नाही. मिक्सर इथे आहे, तर मग आत काय आहे? आणि दुसरा विचार त्याहून वाईट होता. रुद्र मिक्सरशिवाय झोपत नाही. मग तो अजून रडला कसा नाही?

"धर हे," म्हणून तिने औक्षणाचं ताट नवरीच्याच हातात दिलं आणि अमोलकडे धावली.

अमोल आनंदात होता. फक्त एक गोष्ट त्याला खटकत होती, बायकोच्या सूचना ऐकूच येत नव्हत्या. बहुतेक फार हळू भरल्या गेल्या, असं समजून तो त्या खान्याचा आवाज एकसारखा वाढवत होता. पूजा समोर येऊन हातवारे करू लागली. तो हसला आणि अंगठा दाखवला. तिने कानांकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्याने सनईही वाढवली, स्वतःच्याच कानात, आणि डोळे मिटून घेतले.

पूजाने हेडफोन ओढून काढला. कानाला लावून पाहिला. आत सनई.

"अहो, सनई तुमच्या कानात वाजतीये! बाहेर मिक्सर वाजतोय!"

"काहीतरीच काय!" अमोल म्हणाला, आणि मग त्याला बाहेरचं ऐकू आलं. सकाळपासून आत्ता पहिल्यांदाच त्याने पेटीकडे पाहिलं. हळद, कुंकू, स्वस्तिक, झेंडू. मार्करचे आकडे कुठेच नव्हते. दोघांनी एकदम मान वळवून सुलाबाईंकडे पाहिलं. त्या देवरामच्या पिशवीतला मिक्सर संशयाने तपासत होत्या.

"आईंनी पूजा केली," पूजा म्हणाली.

"मग तुझ्या सूचना कुठे गेल्या?"

उत्तर द्यायला पूजा तिथे नव्हती.

आतल्या खोलीत तिचाच आवाज तिच्या अंगावर आला. छोटा स्पीकर कानठळ्या बसतील इतक्या मोठ्याने सांगत होता: "अहो, पाय हलवू नका, टेबल हलतं!" पलंग रिकामा होता. भिंतीकडेची दुपटी रिकामी, दुसरी बाजू रिकामी. मागचं दार सताड उघडं.

पूजाला एकदम सगळं सुचलं. गेट. गेटबाहेरचा रस्ता. सोसायटीची पाण्याची टाकी, तिचं झाकण नीट बसत नाही असं तिने दोनदा सेक्रेटरींना सांगितलं होतं. पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडून पाहिलं, जणू लंकाबाई बाळाला घेऊन कपाटात बसल्या असत्या. रडण्याचा आवाज कुठूनही नव्हता. 'गप झालं की आधी उठायचं.' 

"आजी नाहीत! रुद्र नाही!" ती मांडवात ओरडली.

आता मात्र सगळे उठले. "आई गेली," कारभारी म्हणाले. ते घाबरले होते की रागावले होते, ते कळत नव्हतं. "मी सांगितलं होतं. आई उठली की संपलं. आन् जाताना..."  नवनाथ जीपकडे पळाला आणि हात हलवत परत आला. जीपमध्ये कुणी नव्हतं. एकजण टाकीकडे गेला. झाकण बसलेलं होतं. दोघं रस्त्याला लागले. सायली पाटावर उभी, हातात स्वतःचंच ताट, डोळ्यांत पाणी. सुलाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. त्या 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाल्या नाहीत, तेवढ्यानेच पूजाला रडू आलं.

आणि या सगळ्यात मिक्सर चालूच होता. "आधी ते बंद करा कुणीतरी!" पूजा किंचाळली.

अमोलचा हात पिनांवरच होता. त्याने मोठ्या स्पीकरची पिन मिक्सरच्या भोकातून उपसली आणि हेडफोनची काढून सनईच्या भोकात घातली. घरघर थांबली. मांडवभर मंद सनई पसरली.

त्याबरोबर मोठ्या स्पीकरच्या मागून एक टाहो फुटला.

पूजाने तसा टाहो दिवसातून दहादा ऐकला होता आणि दर वेळी तिच्या काळजात कळ आली होती. आज मात्र तो कानावर पडला आणि ती चक्क हसली. रडतोय. म्हणजे आहे. पाठोपाठ दुसरा आवाज आला, म्हातारा आणि झोपमोड झालेला. "कोणी बंद केलं रे ते? कोणाला बघवंना माझी झोप?"

स्पीकरच्या मागे मांडववाल्याने जास्तीच्या सतरंज्यांची चळत रचली होती. त्या चळतीवर, स्पीकरच्या लाकडी पाठीला पाठ लावून, लंकाबाई बसल्या होत्या. पदर ढळलेला, चष्मा कपाळावर, मांडीवर लालबुंद होऊन रडणारा रुद्र.

"आई, इथं काय करतीस?" कारभारी धावले.

"मला काय विचारतो? तिला विचार." लंकाबाईंनी पूजाकडे बोट केलं. "मी पडले होते गुमान. हिचा आवाज आला. माणूस दिसंना, नुसता आवाज. म्हणली, अहो, मान वर करा, लोक बघतायत. केली मान वर. म्हणली, पोट आत घ्या, फोटो काढतायत. आता या वयात पोट कुठं आत जातंय? तरी घेतलं. म्हणली, हसा जरा. हसले. म्हणलं, नवी सोयरीक हाय, यांच्यात अशी पद्धत असंल. मग म्हणली, उठा आता, सगळे तिकडं गेले, तुम्हीच इथं राह्यलात. मग काय करू? पोर चुळबुळ करायला लागलं होतं, त्याला एकट्याला कसं ठिवू? घेतलं काखंत न् आले बाहेर."

"आणि मग?" पूजाने रुद्रला उचलून घेत विचारलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मग काय? बाहेर येते तर गिरण चालू." लंकाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "तीच घरघर. वाटलं, म्हाताऱ्यानं पट्टा चढवला. जरा टेकले. पोरानं डोळे मिटले, मग माझेबी कवा मिटले कळलं नाय. किती दिसांनी गं. आन् तुम्ही बंद केली."

 सनई वाजत होती. रुद्र रडत होता. कारभारींनी हळूच विचारलं, "मग आई, साखर?"

"आधी ती गिरण लाव. मग साखर."

"आजी, तो मिक्सर आहे," अमोल म्हणाला. "पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? आता सनई नीट लागलीये."

"तुझी सनई तू ऐक. कानात घालून बस. मघाशी बसला होतास तसा."

म्हणून अमोलने पिना पुन्हा काढल्या आणि सुलाबाईंनी बसवल्या होत्या तशाच बसवल्या. मांडवात मिक्सर घरघरू लागला. रुद्र पूजाच्या खांद्यावर उचकी देत देत शांत झाला. त्या घरघरीत लंकाबाईंनी सायलीच्या हातात साखरेचा पुडा ठेवला, तोंडात पेढा घातला आणि तिच्या गालांवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "झोप रे राजा," स्पीकर म्हणाला, तेव्हा या वेळी कारभारीसुद्धा हसले. त्यांनी छाटणीचं राहिलेलं भाषण मात्र पूर्ण केलं. आजीचा मान राखला तसा त्यांचाही राखायलाच हवा होता.

जेवताना समोर बायकांच्या पंगतीत सुलाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "मशीन आधी पुजलं होतं मी. म्हणून तर सगळं निर्विघ्न पार पडलं." अमोलने तोंड उघडलं. पूजाने त्याच्या पानात जिलबी वाढली आणि त्याने ते बंद केलं. लग्नाला कुणाचं वाजप लावायचं, हा प्रश्न तिथेच सुटला. लंकाबाईंनी निघताना जीपमधून डोकं बाहेर काढून सांगितलं, "लग्नाला हाच डीजे पायजे."

मिक्सरचा तो आवाज नवनाथने त्याच संध्याकाळी आजीच्या मोबाइलमध्ये घालून दिला. पुढच्या आठवड्यात कारभारींचा पूजाला फोन आला. घसा खाकरून ते म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. आई आता झोपती, तुमची कृपा. पण एवढी गप झोपती ना, की मला झोप नाय. सारखं उठून जातो. नाकाशी बोट धरून बघतो."

"हळू धरा," पूजा म्हणाली. "बोटाने जाग येते."

फोन ठेवला तेव्हा तिच्या घरातही शांत होतं. ती लगेच उठली. हल्ली ती रडण्याला इतकी घाबरत नाही, पण शांतता पडली की हातातलं टाकून उठते.

तुम्हीही आता इथवर वाचत आलात, म्हणजे बराच वेळ तुमच्या घरातून कुणी तुम्हाला हाक मारलेली नाही. आतल्या खोलीत कुणी असेल, लहान असो की म्हातारं, तर हे बाजूला ठेवा आणि एकदा बघून या. बोट मात्र हळू धरा.